काळूचा फाटका कान

प्रश्न : आमचा काळू दिवाळीनंतर गेला. बाबांच्या पंचाहत्तरीला त्याच्या फोटोचं तैलचित्रासारखं चित्र करून द्यायचं आहे. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने चित्र देखणं केलं, पण आईने विचारलं, ‘हा कुणाचा कुत्रा?’ घरच्या लॅपटॉपवर हे जमेल का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला फोटो आणि चित्र शेजारी ठेवून पाहिलं. फोटोत काळूचा डावा कान टोकाला फाटलेला आहे, अ‍ॅपने तो धडधाकट करून टाकलाय. हनुवटीवरचे पांढरे केसही गेले. एआयवाली अ‍ॅप्स चित्र नव्याने रचतात, तेव्हा असं होतं. आईंचं बरोबर आहे, तो काळू नाहीच. साधा फिल्टर मात्र फोटोत आहे तेवढ्यावरच काम करतो, पदरचं काही घालत नाही.

गिम्प हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घ्या. आधी मूळ फोटो ज्या भावाकडे आहे, त्याच्याकडून तो मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे वाटेत लहान होणार नाही. तुमच्याकडचा १६०० पिक्सेलचा, म्हणजे ठिपक्यांचा आहे. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, असा छापला तर जेमतेम सव्वापाच इंच भरेल.

काळ्या कुत्र्याची खरी अडचण पुढे आहे. गिम्पमधला ‘ऑइलिफाय’ हा तैलचित्राचा फिल्टर प्रत्येक ठिपक्याभोवती पाहतो आणि तिथे जी छटा सर्वांत जास्त, तीच तिथे भरतो. काळ्या केसांत छटांचा फरक इतका थोडा की सगळ्या अंगाचा डांबरासारखा एकच डाग होतो. म्हणून फिल्टरच्या आधी कलर्स मेनूतल्या ‘शॅडोज-हायलाइट्स’ने सावल्या थोड्या उजळा. मानेवरचे केस कुठे वळतात ते दिसू लागलं की थांबा, त्यापुढे काळू राखाडी होईल.

मग फोटोच्या लेअरच्या, म्हणजे थराच्या, दोन प्रती करा; त्या मूळ फोटोवर एकावर एक बसतील. मधल्या प्रतीवर ऑइलिफाय हलका, मास्क रेडियस (ठिपक्याभोवती किती लांबवर पाहायचं तो आकडा) ४. वरच्या प्रतीवर जोरकस, १२ च्या आसपास. वरच्या प्रतीला पांढरा लेअर मास्क लावा (हा एक पडदा, त्यावर काळं रंगवाल तिथे खालचा थर दिसतो) आणि मऊ काळ्या ब्रशने चेहरा व कान त्यातून मोकळे करा. म्हणजे ओटा, भिंत, गोणपाट यांवर जाड फटकारे राहतील आणि चेहऱ्यावर बारीक.

डोळ्यांपाशी मधल्या लेअरलाही असाच मास्क लावून मूळ फोटो दिसू द्या. तुमच्या फोटोत उजव्या बुबुळात दाराच्या उजेडाचा एक पांढरा ठिपका आहे. मी वर्षानुवर्षं स्टुडिओत रिटचिंग केलं. तो ठिपका गेला की नजर विझते, मग बाकी कितीही राबा. कानाची फाटकी कडही तशीच ठेवा. तिथे ब्रश लहान घ्या, चित्र २०० टक्के मोठं करून काम करा, घाई नको.

कॅनव्हासवर छापण्याआधी फक्त चेहरा ए-४ कागदावर काढून आईंना दाखवा. त्यांच्या तोंडून ‘काळू’ आलं, की मोठी प्रिंट टाका.