ऑपरेशन करून मोकळं व्हावं का मशीनच लावावी? घोरणं आन झोपेत श्वास अडकणं, वाचकांचे प्रश्न

प्रश्न: डॉक्टर, मिस्टरांचं वय ४७, वजन ९८ किलो, मोंढ्यात आडत दुकान आहे. घोरणं तर लग्नापासूनच आहे पण आता घोरता घोरता मधेच आवाज बंद होतो, मी हलवलं की दचकून श्वास घेतात. दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायलेत, बीपीची गोळी वाढवूनही बीपी उतरेना. संभाजीनगरला झोपेची टेस्ट केली, एएचआय ४१ आला, ऑक्सिजन ७६ पर्यंत खाली जातो म्हणे. छातीचे डॉक्टर म्हणायलेत सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून दाबानं हवा देणारी) लावा, नाक-घशाचे डॉक्टर म्हणायलेत टाळूचं ऑपरेशन करता येईल. मशीन भाड्यानं आणली होती पण ह्यांनी रात्रीतून काढून फेकली, म्हणे हत्तीसारखी सोंड लावून जन्मभर झोपायचं काहून, एकदाच कापून मोकळं व्हावं. काय करावं?
– एक ताई, सेलू (जि. परभणी)

उत्तर: ताई, एएचआय ४१ म्हणजे झोपेच्या दर तासाला ४१ वेळा श्वास बंद पडतो नाहीतर अर्धवट येतो, आन प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद. ३० च्या वर गेलं की आम्ही त्याला गंभीर म्हणतो. म्हणून पहिली गोष्ट, ते पहाटे गाडी घेऊन जालन्याला वगैरे जात असतील तर इलाज सुरू होऊन दिवसाची झोप कमी होईपर्यंत स्टेअरिंगवर दुसरं कोणीतरी बसू द्या, बाकीचं सगळं नंतर.

आता मशीन का ऑपरेशन. गंमत म्हणजे दोन्ही उपाय एकाच साली, १९८१ ला पुढं आले, ऑस्ट्रेलियात सुलिव्हन यांनी सीपॅप दाखवलं आन अमेरिकेत फुजिता यांनी झोपेत श्वास अडकण्याच्या ह्या आजारासाठी, म्हणजे अ‍ॅप्नियासाठी टाळूच्या ऑपरेशनचा पेपर छापला, तेव्हापासून हा वाद चालूच आहे. माझं मत विचारलंत तर ह्यांच्या आकड्याला आधी मशीन. कारण साधं आहे, वजनदार माणसाचा घसा एकाच जागी बंद होत नसतो, टाळू खाली येतो, जीभ मागं पडते, बाजूच्या भिंतीपण आत येतात. मशीनची हवा सगळा रस्ता एकदम उघडा धरते, कुठं बंद होतोय ते बघायचीही गरज नाही. ऑपरेशन मात्र जिथं केलं तिथलंच काम करतं, टाळू मोकळा केला आन जीभ तशीच मागं पडत राहिली तर पैसे गेले, पंधरा दिवस गिळताना जीव गेला आन घोरणं कमी झालं म्हणून घरचे खूश, पण श्वास अडकणं आतल्या आत चालूच. मला भीती ह्याचीच वाटते, आवाज गेला की कोणी परत टेस्टच करत नाही.

ऑपरेशन खोटं आहे असं नाही हं. ऑस्ट्रेलियातच २०२० ला छापलेल्या एका चाचणीत मशीन न जमलेल्या मोठ्या माणसांवर टाळू आन जीभ दोन्हीचं ऑपरेशन केलं, एएचआय सरासरी ४८ वरून २१ च्या आसपास आला. फायदा चांगलाच, पण २१ म्हणजे आजार मध्यम राहिलाच की! "एकदाच कापून मोकळं" हे त्यात बसत नाही. जबडा पुढं घेण्याचं ऑपरेशन ह्यापेक्षा जास्त खात्रीचं आहे, पण ते मोठं काम, वरचा खालचा दोन्ही जबडे कापून साधारण सेंटीमीटरभर पुढं बसवतात, चेहरा थोडा बदलतो, दातांची रांग बघावी लागते, त्यासाठी मोठ्या सेंटरलाच जावं लागतं.

तर आता मशीन का फेकली ते बघू, कारण दहातल्या बहुतेकांची अडचण मास्कची असते, मशीनची नसते. मिस्टरांना मिशा आहेत का? मराठवाड्यात हा प्रश्न आधी विचारावा लागतो. झुबकेदार मिशांवर नाकाचा मास्क टेकत नाही, कडेनं हवा फुसफुसते, डोळ्यात जाते, माणूस वैतागतो. अशांना नाकपुडीत टेकणारा छोटा पिलो मास्क बऱ्याचदा जमून जातो. तोंड उघडं टाकून झोपत असतील तर हवा तोंडातून निघून जाते आन सकाळी घसा कोरडाठाक, मग पूर्ण चेहऱ्याचा मास्क नाहीतर आधी नाक मोकळं करणं. मोंढ्यात तुरीची, सोयाबीनची धूळ, नाक वर्षभर चोंदलेलं असणारच! आन तुमच्या नाक-घशाच्या डॉक्टरांचा खरा उपयोग इथं आहे, नाकाचं हाड वाकडं असेल तर ते सरळ केल्यानं अ‍ॅप्निया सहसा जात नाही पण मशीन सहन व्हायला लागते, प्रेशरही कधी कधी कमी लागतं. मशीन लावून आधी दिवसा टीव्ही बघत बसवा, मग रात्री. मशीनमध्ये कार्ड असतं त्यात किती तास लावली, हवा किती गळाली, एएचआय किती उरला सगळं दिसतं, महिन्यानं ते कार्ड डॉक्टरला दाखवा. रात्री निदान चार तास लागली पाहिजे, सगळी रात्र लागली तर उत्तमच.

एवढं नीट करूनही नाहीच जमलं तर ऑपरेशनवाल्या डॉक्टरांकडं जा आन विचारा की घसा नेमका कुठं बंद होतोय हे गुंगी देऊन दुर्बिणीनं बघणार का, आन नंतर तीन-चार महिन्यांनी स्लीप स्टडी (झोपेची टेस्ट) परत करणार का. दोन्हीला हो आलं तर पुढं बोला. वजन तर कमी करायचंच आहे, दहा टक्के घटलं तर एएचआय साधारण पाव हिश्श्यानं उतरतो. आन रात्रीची "थोडीशी" बंद करा, तिच्यानं घसा आणखी ढिला पडतो.

प्रश्न: मी २६ वर्षांचा, लातूर, अंगानं सडपातळ. एएचआय २४. टॉन्सिल एवढे मोठे की दोन्ही जवळपास एकमेकाला लागायलेत. मलापण जन्मभर मशीनच का?

उत्तर: नाही रे बाबा, तुझं वेगळं आहे. वजन नाही, वय कमी आन रस्ता अडवणारी वस्तू डोळ्यानं दिसायली, अशा पोरांना टॉन्सिल काढल्यानं चांगला फरक पडतो, तू ऑपरेशनचा विचार जरूर कर. लहान लेकरांत तर टॉन्सिल आन अ‍ॅडिनॉइड (नाकामागची गाठ) काढणं हाच सहसा पहिला इलाज असतो. फक्त भूल देणाऱ्या डॉक्टरला आपल्याला अ‍ॅप्निया आहे हे स्वतःहून सांग, फाईलमध्ये असेल म्हणून गप्प बसू नको, भूल उतरताना आन पहिल्या रात्री ह्या पेशंटवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. खालचा जबडा मागं असेल तर तेही दाखवून घे, त्यासाठी दातावर बसणारी, जबडा पुढं धरणारी पट्टी मिळते, मध्यम आजारात तीपण चालते.

प्रश्न: सीपॅप लावतोय, छान झोप लागते, पण आमच्याकडं (गेवराईजवळ) रात्री लाईट जाते. आन मशीनला हवा ओलसर करायला जो पाण्याचा डबा असतो त्यात पांढरं बसायलंय.

उत्तर: बोअरचं पाणी टाकत असणार! त्यातले क्षार आहेत ते. जारचं पाणीपण नको, मेडिकलवर डिस्टिल्ड वॉटर मागा, डबा रोज सकाळी धुऊन उपडा घाला आन बसलेला थर पातळ व्हिनेगरनं निघतो. लाईटसाठी घरचा इन्व्हर्टर पुरतो, बॅटरी कमी असेल तर पाणी गरम करणारा हीटर बंद ठेवा, जास्त करंट तोच खातो, हवेची मोटर फार घेत नाही. लाईट गेली आन मशीन बंद पडली तर मास्कला हवेची भोकं असतात, गुदमरत नाही, पण मास्क काढून कुशीवर झोपा.