वाचकांचे प्रश्न : विलायती शेगडी आणि रॉकेल

प्रश्न : माझ्या आत्या १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये परिचारिका होत्या. परत येताना त्यांनी आणलेली एक तेलाची शेगडी आमच्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर कित्येक वर्षे पडून होती. इमारत पुनर्विकासाला जाणार म्हणून माळा रिकामा करताना ती सापडली. हिरव्या इनॅमलचे दंडगोल धुराडे, त्याला पुढून अभ्रकाची छोटी खिडकी, खाली पितळी टाकी आणि मध्ये बांगडीसारखी गोल वात असे तिचे स्वरूप आहे. टाकीवर ‘फक्त पॅराफिन वापरावे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना आहे. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिनची बाटली मिळते आणि मेणबत्तीचे मेणही पॅराफिनच असते, असे ऐकतो. यांपैकी नेमके काय घालावे? शेगडी पुन्हा चालू करता येईल का, आणि फ्लॅटमध्ये ती पेटवणे सुरक्षित आहे का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन्हीपैकी काहीही टाकीत घालू नये. आपल्या शेगडीला हवे आहे ते साधे रॉकेल.

आपला गोंधळ मात्र अगदी स्वाभाविक आहे, कारण या नावांचा घोळ जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे. ‘पॅराफिन’ हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फॉन रायशेनबाख यांनी १८३० मध्ये लाकडाच्या डांबरातून मिळालेल्या मेणासारख्या पदार्थाला दिले. पुढे १८५० मध्ये स्कॉटलंडच्या जेम्स यंग यांनी दगडी कोळशापासून तेल काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, ते तेल दिव्यांसाठी ‘पॅराफिन तेल’ म्हणून खपू लागले आणि ब्रिटनमध्ये तेच नाव कायम झाले. अमेरिकेकडे रूढ झालेले ‘केरोसीन’ हे नाव अब्राहम गेस्नर यांचे. पण तेही मेण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच आलेले आहे. तेव्हा सूचना वाचून आपल्याला मेणबत्ती आठवली, यात आपली चूक नाही. औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन हे बद्धकोष्ठावर देतात ते जड, घट्टसर खनिज तेल असते. ते वातीतून पुरेसे वर चढणार नाही आणि चढले तरी नीट जळणार नाही. शोभेच्या दिव्यांसाठी बाटलीत मिळणारे सुगंधी तेलही या वातीला चालत नाही. डिझेल वात चोंदवते व काजळी धरते. थिनर, टर्पेन्टाईन आणि पेट्रोल यांचा तर विचारही करू नये.

रंगाबद्दलही एक खुलासा करतो. त्या काळच्या ब्रिटनमध्ये एसो कंपनी आपले पॅराफिन निळ्या रंगाचे विकत असे आणि तिच्याशी स्पर्धा करणारे एक तेल गुलाबी असे. तिथे रंग म्हणजे केवळ जाहिरातीची ओळख होती. आपल्याकडे निळा रंग हा शिधावाटपाच्या रॉकेलाची खूण आहे. ते रॉकेल कायद्याने स्वयंपाक आणि दिवाबत्ती यांसाठीच राखलेले आहे, त्यामुळे कोणी ओळखीतून बाटलीभर देऊ केले तरी हौसेच्या शेगडीसाठी ते घेऊ नये. आपल्याला लागेल ते मुक्त विक्रीचे, पाण्यासारखे नितळ पांढरे रॉकेल. ते तेल कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून, पावती घेऊन आणि आपल्या डोळ्यांदेखत भरून घ्यावे. विक्रेता दूरच्या गावात असेल तर कॅन लोकलने आणू नये. रेल्वेच्या डब्यात रॉकेल नेण्यास मनाई आहे.

कॅनविषयी मी जरा जास्तच आग्रही आहे आणि त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी दोन लिटर रॉकेल आणले. दुकानदाराने ते थिनरच्या रिकाम्या डब्यात भरून दिले होते आणि डबा पुरता रिकामा नव्हता. वात पेटवताच ज्योत धुराडे ओलांडून हातभर वर आली. शेजारी ओले पोते होते म्हणून निभावले. रॉकेलासाठी नवा, झाकण घट्ट बसणारा डबा वेगळा ठेवावा, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे आणि त्यात दुसरे काहीही कधी भरू नये. भारतीय मानकानुसार रॉकेलाचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते ते तापमान, किमान ३५ अंश सेल्सियस असावे लागते. इंग्लंडच्या थंडीत हा आकडा निर्धास्त करणारा आहे. ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत तो सहज ओलांडला जातो. म्हणून साठा दोन-तीन लिटरच ठेवावा, तोही सावलीत आणि देवघर व स्वयंपाकघर यांपासून दूर.

आता दुरुस्तीकडे वळू. प्रथम टाकीतले जुने तेल काढावे. ते पिवळे, आंबूस वासाचे आणि तळाशी गोंदासारखे चिकट झालेले असेल. त्याखाली पाण्याचा थरही सापडेल, कारण कोकणपट्टीच्या इतक्या पावसाळ्यांत टाकीच्या आत दमट हवेचे पाणी धरतेच. अर्धा लिटर स्वच्छ रॉकेल आणि मूठभर लहान नट टाकीत टाकून ती सावकाश हलवावी, गाळ ओतावा आणि तेल नितळ येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. बाहेरच्या पितळेला चिंच किंवा पितांबरी पुरेशी आहे. आतून मात्र पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, कारण पाणी वातीत शिरले की ज्योत तडतडते आणि विझते.

टाकी गळते का हे पाहण्यासाठी ती रॉकेलाने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवावी. सकाळी कागदावर अर्धपारदर्शक तेलकट डाग दिसला तर त्याच्या मध्यबिंदूवर पेन्सिलीने खूण करावी. गळती नेमकी त्याच्या वर, बहुधा सांध्यात असते. असा सांधा झाळून घ्यावा लागतो. हे काम घरी करू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही तेलाची वाफ असते आणि तिला ज्योत लावणे म्हणजे फटाका पेटवण्यासारखे आहे. भांड्यांचे झाळकाम करणारा जाणता कारागीर आधी टाकी गरम पाण्याने आणि सोड्याने धुऊन, पाण्याने जवळजवळ भरून मगच काम करतो. ज्याला हे सांगावे लागते त्याच्याकडे टाकी देऊ नये. झाळून आल्यावर ती कडक उन्हात दोन दिवस उपडी ठेवून आतून पूर्ण वाळवावी.

वात हा या शेगडीचा प्राण आहे. जळते ती वात नव्हे, तर तिच्या धाग्यांतून चढलेल्या तेलाची वाफ. म्हणून तेल असेपर्यंत वात फारशी संपत नाही आणि टाकी कोरडी पडू दिली की एका संध्याकाळीत करपते. गोल वात नेमक्या मापाचीच लागते. वातीच्या स्टोव्हच्या दहा सुट्या वाती आणून जोडकाम करू नये. जुनी वात सोबत पाठवून परदेशातल्या जुन्या शेगड्यांच्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून मागवणे हाच खात्रीचा मार्ग. जुनी काढताना एक काळजी घ्यावी. त्या काळच्या काही वातींत अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जात असे. टोकाशी पांढरट, दगडी तंतू दिसले तर ते कोरडे खरवडू नयेत. पाण्याने भिजवून, पिशवीत बांधून टाकावे. हाच नियम जुन्या रंगालाही लागू आहे, कारण त्यात शिसे असू शकते. घासायचे तर पाणी लावून वॉटर पेपरनेच घासावे.

अभ्रकाची खिडकी तडकली असेल तर ते सर्वांत सोपे काम आहे. मुंबईत लोहार चाळीत विजेच्या सामानाच्या दुकानांत अभ्रकाचा पत्रा विचारावा आणि तो कात्रीने कापावा. काच बसवू नये, ती तडकेल. धुराड्याला रंग द्यायचाच असेल तर मोटारसायकलच्या सायलेन्सरचा उष्णतारोधक रंग वापरावा. माझे मत विचाराल तर इनॅमलवरचे टवके आहेत तसेच ठेवावेत. ती शेगडी आत्यांनी वापरलेली आहे हे त्या टवक्यांवरूनच कळते.

पेटवताना टाकी तीन चतुर्थांशच भरावी आणि नवी वात तासभर भिजू द्यावी. धुराडे उचलून काडी लावावी, ते पुन्हा सरळ बसवावे आणि पहिली दहा-पंधरा मिनिटे वात खालीच ठेवावी, कारण धातू तापला की ज्योत आपोआप वाढते. मग खिडकीतून पाहत निळे कडे सारखे होईपर्यंत वात वर घ्यावी. पेटलेली शेगडी उचलू नये आणि थंड होईपर्यंत तीत तेल ओतू नये.

राहता राहिला फ्लॅट. या शेगडीला धूर बाहेर नेणारी नळी नसते. जे जळते ते सर्व खोलीतच राहते. लिटरभर रॉकेल जळताना सुमारे १० युनिट विजेइतकी उष्णता देते आणि त्याबरोबर जवळजवळ लिटरभर पाण्याची वाफही देते. ठाण्याच्या दमट हवेत ती वाफ भिंतींना बुरशी आणील. त्याहून गंभीर बाब कार्बन मोनॉक्साइडची आहे: सरकत्या काचा बंद केलेल्या खोलीत प्राणवायू कमी पडला की तो तयार होतो आणि त्याला वास नसतो. म्हणून खिडकी वीतभर उघडी हवी, पण वाऱ्याचा झोत थेट शेगडीवर येता कामा नये. झोताने तेलाच्या काही शेगड्या भडकत असल्याचे ब्रिटनमध्ये १९५९च्या सुमारास लक्षात आले आणि १९६० मध्ये तिथे अशा शेगड्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. तेव्हा पंखा बंद, खिडकी उघडी, लहान मुले लांब, आणि झोपण्यापूर्वी शेगडी विझलेली, या अटींवर जानेवारीतल्या एखाद्या संध्याकाळी तासभर ती अवश्य पेटवावी. रोजच्या उबेसाठी ठाण्यात तिची गरज नाही, हे आपणही जाणता.

प्रश्न : माझ्याकडे अशाच प्रकारची शेगडी चालू स्थितीत आहे आणि नवी वातही घातली आहे. सुरक्षितता म्हणून मी ती बाल्कनीत, वारा नसताना पेटवतो. पहिली काही मिनिटे ज्योत निळी असते, नंतर एकाच बाजूने पिवळी जीभ वर येते आणि धुराडे काजळते. वात सदोष आहे का?
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : वात सदोष असती तर पिवळी जीभ बहुधा सुरुवातीपासून दिसली असती. एकाच बाजूला आणि तापल्यावर ती येते, याचा अर्थ त्या बाजूला तेलाची वाफ जास्त किंवा हवा कमी पोचते आहे. प्रथम वातीच्या मध्यावर बसणारी भोकांची टोपी तिरकी नाही ना हे पाहावे. तिच्या भोकांतूनच हवा ज्योतीत मिसळते आणि एका बाजूची भोके काजळीने बुजली तरी हाच प्रकार होतो. मग वातीचा काठ पाहावा. तो कात्रीने कापू नये. थंड असताना वरचा करपलेला थर चिंधीने पुसून सारखा करावा.

तरीही मला संशय आहे तो बाल्कनीचा. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून बाल्कनीच्या लादीला मुद्दाम उतार दिलेला असतो. त्या उतारावर शेगडी कलते, धुराडे तिरके होते आणि बांगडीच्या सर्व बाजूंना हवेचा ओढा सारखा राहत नाही. गवंड्याची पाणसळ टाकीच्या कडेवर आडवी आणि उभी ठेवून पाहावे; बुडबुडा मध्यावर येईपर्यंत शेगडीखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवाव्यात. लाकडाच्या किंवा पुठ्ठ्याच्या घड्या तिथे नकोत. एवढे करून ज्योत सारखी झाली, तर नव्या वातीला हात लावण्याचे काही कारण नाही.