आधी हजेरीपटावर नाव, मग बाकीचं

ताई, तुम्ही लिहिलंय की भाची 8 वर्षांची आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, बोललेलं सगळं कळतं पण चालता येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा अर्ध्या किलोमीटरवर, आणि मुख्याध्यापक म्हणतात, "प्रमाणपत्र आणा, नाहीतर जिल्ह्याच्या विशेष शाळेत टाका." मी 14 वर्षं तालुक्याला विशेष शिक्षिका होते. हे वाक्य ऐकून ऐकून पाठ झालंय.

दिव्यांग प्रमाणपत्रावाचून प्रवेश अडवता येत नाही. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत शिक्षण मोफत, आणि जवळची शाळा की विशेष शाळा ही निवडही मुलाची. भावाला लेखी अर्ज द्यायला सांगा, पोच घ्यायला लावा. वयाप्रमाणे ती तिसरीत बसेल, पहिलीत नाही. यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं, काम सिव्हिलला सोबतच चालू ठेवा, कारण प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, मुलींना दरमहा 200 रुपये 10 महिने मिळतात तो प्रोत्साहन भत्ता, यांना ते लागतं.

आता खरी मेख. नाव घातलं की कुणीतरी हळूच सुचवेल, "हिला गृहाधारित शिक्षणात टाकू," म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकवू. शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीत ही सोय बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्वाच्या मुलांसाठी आली, तीही त्यांना हवी असेल तर. प्रत्यक्षात माझ्याकडेच अशी बरीच मुलं होती आणि एकेकाच्या घरी मी महिन्यातून दोनदा कशीबशी पोचायचे. समजणारी मुलगी त्यात घालू नका.

मुलं शाळा सोडतात ती बहुतेकदा अभ्यासापायी नाही, शौचालयापायी. रॅम्पचा फोटो वर जातो, पण शौचालयाला दोन पायऱ्या तशाच असतात. मुलगी सकाळपासून पाणी प्यायची नाही, हे आईला महिन्याने कळायचं. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत भावाने एवढंच मागावं: आत धरायला दांडी, आणि तिला नेणारी एक ठरलेली बाई. मदतनीस भत्ता त्यासाठीच असतो.

शिबिरातली व्हीलचेअर मापाची असेल तरच घ्या. आमच्याकडे एका वाडीत मोठ्या माणसाच्या मापाची आली होती, तिच्यावर पुढे धान्याचं पोतं बसायचं. बाकी खूप काही गावातच होतं. खिचडीच्या चमच्याच्या दांड्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा, पकड येते. पेन्सिललाही तेच.

खुर्ची सुताराकडून करून घ्या, पण आधी फिजिओथेरपिस्टला दाखवून. बैठकीची खोली पाठीपासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत, त्यातून दोन बोटं कमी. उंची गुडघ्यामागून टाचेपर्यंत, पाय लोंबकळता कामा नयेत. वर्षभराने माप पुन्हा घ्यायचं, म्हणून पायाखाली फळी ठेवा, ती बदलता येते.