आधी स्लॅब, मग सोलर

प्रश्न : सोलापुरात आमचा ३० बाय ४० फुटांचा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला. घरात पाच माणसं. आई-वडिलांना जिना चढवत नाही, म्हणून सध्या तळमजलाच बांधणार. एसी लागू नये आणि वीजबिल कमी यावं, एवढीच अपेक्षा. ओळखीचे म्हणतात, ५ किलोवॉटचं सोलर टाका आणि घर नेहमीसारखं बांधा. ते बरोबर आहे का?
– एक कुटुंब, सोलापूर

उत्तर : आमचा सल्ला उलटा आहे. सोलरमुळे बिल उतरेल, पण मे महिन्यात रात्री अकरालाही खोली तापलेलीच राहील. एकमजली घरात सगळ्यात जास्त उष्णता गच्चीतून येते, त्याखालोखाल पश्चिमेच्या भिंतीतून. पहिला पैसा या दोन जागी घाला.

स्लॅबवरचा क्रम असा ठेवा : उताराचा कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग ४८ तास पाणी साठवून गळतीची चाचणी. चाचणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर : ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस (टणक फोमचे) बोर्ड, सांधे एकमेकांना घट्ट भिडवून. वर प्लास्टिकचा कागद, जाळी घालून २ इंचांचा काँक्रीटचा थर आणि शेवटी पांढरं चायना मोझॅक. यामुळे स्लॅबमधून झिरपणारी उष्णता साधारण चौथाईवर येते. पॅकिंगचा थर्माकोल स्वस्त पडतो म्हणून तो वापरला, तर माणसांच्या वावराने दबतो आणि वरचा थर तडकतो.

हेच इन्सुलेशन आतून, फॉल्स सीलिंगवर टाकायचा आग्रह कंत्राटदार करतात, कारण काम सोपं. पण मग स्लॅब स्वतः उन्हात तापतच राहतो, रोज फुगतो-आकसतो आणि भिंतीला टेकतो तिथे आडवी चीर पडते. इन्सुलेशन वरूनच हवं.

आता पश्चिम. दुपारी चारनंतरचं ऊन तिरपं येतं, छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. तिथे छज्जा वाढवून उपयोग नाही. रस्ता तिकडेच असल्याने दर्शनी बाजूला ५-६ फुटांची पडवी काढा, तिला विटांची जाळी किंवा बांबूचा पडदा द्या. बाथरूम, जिना, कोठीची खोली पश्चिमेला आणि झोपायच्या खोल्या पूर्वेला. दक्षिणेला मात्र २ फुटांचा छज्जा चोख काम करतो : मार्चमध्ये भर दुपारी ४ फुटांची खिडकी पूर्ण सावलीत राहते आणि डिसेंबरात कोवळं ऊन खालच्या अर्ध्या भागातून आत येतं. उत्तरेलाही छोटा छज्जा हवा, कारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला झुकलेला असतो.

घराच्या चटई क्षेत्रफळाच्या निदान १० टक्के इतकी खिडक्या-दारांची जागा उघडता यावी, असं केंद्राची ‘इको निवास संहिता’ उष्ण-कोरड्या हवामानासाठी सांगते. सरकत्या खिडकीची निम्मीच जागा उघडते, हे मोजताना धरा. आम्ही दारासारख्या पूर्ण उघडणाऱ्या खिडक्याच सुचवू. जिन्याच्या टोपीत (जिना गच्चीवर निघतो तिथल्या छोट्या खोलीत) उंचावर झडपा ठेवा. रात्री सगळं उघडं, सकाळी नवाच्या आत बंद. सोलापूरच्या कोरड्या हवेत या एका सवयीने मोठा फरक पडतो.

राहिलं सोलर. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे घेतले (३० वॉटच्या आसपास, साधा पंखा ७५ खातो) आणि एसी नसला, तर ३ किलोवॉट पुष्कळ. १ किलोवॉटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात. २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, त्यापुढे क्षमता वाढवली तरी रक्कम तेवढीच. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीची लागतात, कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या.

पॅनेलांचे काँक्रीटचे ठोकळे कॉलम-बीमच्या वर, स्लॅबबरोबरच ओतून घ्या. मागाहून ड्रिल मारलं की वॉटरप्रूफिंग फुटतं. पाण्याची टाकी पॅनेलांच्या उत्तरेला ठेवा. डिसेंबरात १० फूट उंच टाकीची सावली भर दुपारी उत्तरेकडे जवळपास ९ फूट पडते, सकाळी साडेनवाला १७ फुटांपर्यंत. आणि लक्षात असू द्या, वीज गेली की नेट मीटरवरचं (उरलेली वीज कंपनीच्या तारेत सोडणारं) साधं सोलरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. त्या वेळेसाठी पंखे-दिव्यांपुरती बॅटरी वेगळी घ्या.

प्रश्न : एएसी ब्लॉकच्या (हवेच्या छिद्रांच्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या) भिंतींना चिरा पडतात, असं गवंडी सांगतात. मग भाजलेली वीटच घ्यावी का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : चिरा बहुतेक वेळा बांधण्याच्या पद्धतीमुळे पडतात. गवंडी विटेसारखेच ब्लॉक भिजवतात, जाड सिमेंट-वाळूत बसवतात आणि वर कडक गिलावा मारतात. ब्लॉक सुकताना आकसतो आणि गिलावा फाटतो. ब्लॉकवर फक्त पाणी शिंपडा, सांध्याला ३ मिलिमीटरचा तयार मसाला वापरा, दिवसात भिंत चार-साडेचार फुटांपेक्षा उंच चढवू नका, गिलावा १:६चा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) ठेवा. कॉलम-बीमच्या सांध्यावर ३०० मिलिमीटर रुंद जाळी ठोका. बीमखाली बोटभर फट सोडा, ती दोन आठवड्यांनी भरा. गीझर किंवा वजनदार कपाट टांगायचं असेल तिथे साधा खिळा धरत नाही. ब्लॉकसाठीचे खास अँकर लागतात.

ही शिस्त पाळणारा गवंडी मिळाला नाही, तर रॅट-ट्रॅप पद्धतीची विटांची भिंत बांधा. विटा उभ्या बसतात, आत पोकळी राहते, ९ इंची भिंतीला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात.

प्रश्न : बोअरचं पाणी जड आहे. सोलर वॉटर हीटर टिकेल का?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : काचेच्या नळ्यांचा घ्या. त्या काढून धुता येतात. तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार बसला की त्या चोंदतात. टाकी बरोबर न्हाणीघराच्या डोक्यावर ठेवा. पाऊण इंची पाइप ५० फूट फिरवला, तर प्रत्येक वेळी सुमारे ४ लिटर थंड पाणी आधी वाया जातं.