किंमत-मांडणीवरील पहिले मेटा-विश्लेषण करताना

किंमत कशी मांडली आहे याचा ग्राहकाच्या पसंतीवर काय परिणाम होतो, हे मेटा-विश्लेषणाने, म्हणजे आधीच्या अनेक अभ्यासांचे निकाल आकडेवारीने एकत्र करून, तपासण्याचा तुमचा विषय चांगला आहे; सुरुवातीला तो फक्त अरुंद करा. ९ ने संपणारी किंमत, मूळ किंमत खोडून दाखवलेली सवलत आणि वस्तूची किंमत व पोहोच-शुल्क वेगवेगळे दाखवणे, या तिन्हींमागची विचारप्रक्रिया वेगळी असल्याने त्यांची एकच सरासरी काढली, तर येणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही. एकच मांडणी निवडा. ‘पसंती’ म्हणजे काय, हेही आधीच लिहून ठेवा, कारण प्रश्नावलीत सांगितलेला खरेदीचा इरादा आणि प्रत्यक्ष खरेदी या एकच गोष्टी नव्हेत.

नवशिक्यांना सर्वांत महागात पडणारी चूक मात्र निबंधांतील माहिती तक्त्यात नोंदवताना होते. एका शोधनिबंधात तीन-चार प्रयोग असतात, एकाच नमुन्यावर, म्हणजे सहभागींच्या एकाच गटावर, अनेक मोजमापे घेतलेली असतात, आणि ती सारी परस्परांपासून स्वतंत्र असल्याप्रमाणे गणली जातात. त्यामुळे निष्कर्ष आहे त्याहून अधिक अचूक भासतो. म्हणून निबंध, प्रयोग आणि नमुना यांचे क्रमांक पहिल्या दिवसापासून स्वतंत्र रकान्यांत ठेवा. अप्रकाशित प्रबंधही शोधा; परिणाम न आढळलेले अभ्यास छापून येण्याची शक्यता कमी असते. एकाच निबंधातील निकालांचे परस्परावलंबन हिशेबात घेणारी सांख्यिकीय बहुस्तरीय प्रारूपे सध्या बाजूला राहू द्या. आधी दहा निबंध तुम्ही आणि एक सहकारी वेगवेगळे नोंदवा आणि दोघांच्या नोंदी ताडून पाहा.