बौद्धांचा पवित्र ग्रंथ कोणता? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की बौद्ध धर्माचा पवित्र ग्रंथ नेमका कोणता आणि वाचायला सुरुवात कुठून करावी. एका शब्दात उत्तर हवं असेल तर त्रिपिटक, पालीत तिपिटक. पण ते एक पुस्तक समजून पहिल्या पानापासून वाचायला बसलात, तर माझी झाली तशी फजिती होईल.

मी देवनागरीत छापलेला मज्झिमनिकाय, म्हणजे त्रिपिटकातला एक संग्रह, घेतला होता, शेजारी भाषांतर ठेवून. दर दोन-चार पानांनी वाक्य मध्येच तुटायचं आणि तिथे नुसतं 'पे' असं एक अक्षर. आधी वाटलं, छपाईची चूक. पण चूक तरी किती वेळा करणार? पुढे कळलं की तो 'पेय्याल' या शब्दाचा संक्षेप आहे: मागे आलेला मजकूर इथे जसाच्या तसा पुन्हा म्हणायचा. छापताना जागा वाचवतात, म्हणताना वाचवत नसत.

ते 'पे' कळलं आणि सगळी रचनाच उलगडली. परंपरा सांगते की बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात महाकश्यपांच्या अध्यक्षतेखाली पहिली संगीती, म्हणजे भिक्षूंची सभा, भरली. तिथे उपाली आणि आनंद या बुद्धांच्या शिष्यांपैकी उपालींनी विनय (संघाचे नियम) म्हटला आणि आनंदांनी धम्म (उपदेश). म्हणूनच बहुतेक सुत्तं, म्हणजे उपदेशाची प्रवचनं, 'एवं मे सुतं', म्हणजे 'असं मी ऐकलं', अशी सुरू होतात. पुढची काही शतकं हे सारं भिक्षूंनी तोंडपाठ ठेवलं. पाठ करणाऱ्यांना भाणक म्हणत आणि त्यांनी आपापसांत निकाय, म्हणजे सुत्तांचे संग्रह, वाटून घेतले होते: दीघभाणक वेगळे, मज्झिमभाणक वेगळे. इ. स. पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत, राजा वट्टगामणीच्या काळात, युद्ध आणि दुष्काळानं पाठ करणारेच उरतील की नाही अशी वेळ आली, तेव्हा ते ताडपत्रांवर उतरवलं गेलं.

तीन पिटकांपैकी विनयपिटकात संघाचे नियम आहेत (भिक्षूंसाठी २२७) आणि प्रत्येक नियम का करावा लागला याच्या गोष्टीही. अभिधम्मपिटक म्हणजे मनाचं बारीक वर्गीकरण. नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये, मी जाऊन आलोय. खरी गोडी सुत्तपिटकात. त्याचे पाच निकाय. दीघात लांब सुत्तं, ३४. मज्झिमात मध्यम, १५२. संयुत्तात विषयवार आणि अंगुत्तरात चक्क आकड्यांनुसार, एकापासून अकरापर्यंत. खुद्दकात उरलेलं बरंच काही, धम्मपदही त्यातच.

हे झालं थेरवादाचं, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या परंपरेचं. महायान परंपरेत सद्धर्मपुंडरीक आणि प्रज्ञापारमितेसारखी संस्कृत सूत्रं येतात. चिनी आणि तिबेटी संग्रह तर स्वतंत्रच. तिबेटी कंग्युर एकटाच शंभराच्या आसपास खंडांचा भरतो. 'कोणता ग्रंथ' याचं उत्तर म्हणूनच विचारणारा कोणत्या परंपरेचा, यावरही ठरतं.

आता तुमचा 'पवित्र' हा शब्द. अंगुत्तरनिकायात केसपुत्त गावच्या कालाम लोकांना बुद्ध सांगतात की ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, आणि पिटकात आहे म्हणूनही मानू नका. हे वाक्य पिटकातच आहे! मात्र 'मनाला पटेल तेच खरं' असा त्याचा सोयीस्कर अर्थ लावणारेही पुष्कळ भेटतात. तर्कानं जुळतं म्हणूनही मानू नका, असं त्याच यादीत आहे. लोभ, द्वेष आणि मोह यांतून काय निपजतं ते स्वतः पाहा आणि जाणते लोक कशाला दोष देतात तेही बघा, असा पुढचा रोख आहे. लोभ, द्वेष, मोह हे तीन आले, म्हणून हे सुत्त तीनच्या विभागात, तिकनिपातात, ठेवलंय.

सुरुवात धम्मपदापासून करा. २६ वग्ग (प्रकरणं), ४२३ गाथा. रोज एक वग्ग मोठ्यानं वाचला तरी महिन्याच्या आत संपतं. मोठ्यानं यासाठी, की डोळ्यांना कंटाळवाणी वाटणारी पुनरुक्ती कानाला लय वाटते.

त्यानंतर थेरीगाथा. भिक्षुणींच्या या गाथा इतक्या थेट आहेत की पहिल्यांदा वाचताना मी चकित झालो. मुत्ता नावाची थेरी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षुणी, म्हणते, मी तीन वाकड्या गोष्टींतून सुटले आणि जन्ममरणातूनही सुटले. त्या तीन गोष्टी कोणत्या, हे भाषांतराशिवाय कळतं का बघा: 'उदुक्खलेन मुसलेन, पतिना खुज्जकेन च.'