घोडा घ्यावा की घोडी?

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला घोडेस्वारी शिकायची आहे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून तिच्यासाठी जनावर घेण्याचा विचार आहे. घोडी लहरी असते आणि घोडा दमदार असतो, असे सगळे सांगतात. दोघांत खरोखर इतका फरक असतो का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : आपल्यापुढे निवड दोन नव्हे, तीन प्रकारांतून आहे : अंडील (म्हणजे खच्ची न केलेला) घोडा, खच्ची केलेला घोडा आणि घोडी. वागणुकीतला सर्वांत मोठा फरक अंडील घोडा आणि बाकीचे दोघे यांच्यात असतो. अंडील घोड्याची मान जाड व कमानदार होते, आणि माजावर आलेल्या घोडीचा वास लागला की त्याचे स्वाराकडे लक्ष राहत नाही. खिंकाळणे, चावायला जाणे, दुसऱ्या घोड्यावर धावून जाणे हे सारे आवरायला कसलेला हात लागतो. यात्रेत नाचताना तो फार देखणा दिसतो, तरीही शिकाऊ मुलीसाठी तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दमाचे म्हणाल, तर घोडी फारशी मागे नसते. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील इंडियन डर्बी या शर्यतीत घोडीच्या पाठीवर नरापेक्षा १.५ किलो वजन कमी ठेवतात हे खरे. पण १९४३ ची पहिली डर्बी ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीनेच जिंकली, आणि ऑस्ट्रेलियाच्या ‘विंक्स’ या घोडीने २०१५ ते २०१९ या काळात सलग ३३ शर्यती जिंकल्या. अरबस्तानातील बेदुइन टोळ्या तर छाप्यासाठी घोडीच पसंत करीत, कारण शत्रूच्या घोड्यांची चाहूल लागली तरी ती खिंकाळून घात करीत नसे.

‘लहरी’ हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. दिवस मोठे असतात त्या ऋतूत घोडी साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि पाच ते सात दिवस माजावर राहते. त्या काळात काही घोड्या खोगीर कसताना चिडतात, वारंवार लघवी करतात, तर काहींच्या वागण्यात काहीच बदल जाणवत नाही. चिडचिड फार असेल, तर पाठीचे, पोटाचे किंवा अंडाशयाचे दुखणे आहे का, हे पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे. चाबूक हा त्यावरचा इलाज नव्हे. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये मालकांनी दिलेल्या माहितीवरून घोडी आणि खच्ची घोडा यांची तुलना केली, तेव्हा स्वारीतल्या वागणुकीत त्यांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

बाजारात जबडा उघडून दाखवतील, तेव्हा एक गोष्ट पाहावी. नराला चौथ्या-पाचव्या वर्षी पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर सुळे फुटतात. घोडीला ते बहुधा येत नाहीत, आलेच तर बारीक असतात. म्हणून सुळे नसलेला नर समोर आला, तर तो अजून कोवळा आहे असे समजावे, आणि कोवळे जनावर व शिकाऊ स्वार ही जोडी टाळावी.

आठ ते पंधरा वर्षांचा, स्वारीत मुरलेला खच्ची घोडा किंवा तशीच शांत घोडी आपण घ्यावी. खच्ची अलीकडेच केली असेल, तर त्याला काही आठवडे घोडीपासून दूर बांधावे, कारण तेवढ्या काळात गर्भधारणा होऊ शकते. घोडी घेताना ती गाभण नाही ना, याची सोनोग्राफीने खात्री करून घ्यावी. गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा असल्याने पहिल्या काही महिन्यांत बाहेरून काही दिसत नाही, आणि शेवटच्या महिन्यांत तिच्यावर स्वारी करता येत नाही.